तायडे मॅडमचा खेकडा

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई गेली.

वडनेर भोलजीच्या शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून रुजू व्हायला मी साताऱ्याहून आलो होतो. बसमधून उतरलो, बॅग खांद्यावर टाकली आणि गावाकडे वळलो, तर भर डांबरी रस्त्यावर एक बाई पालथी पडलेली. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला आवळलेली, एक गाल रस्त्याला टेकलेला. शेजारी एक माणूस बैलाचा कासरा धरून शांतपणे उभा. मी बॅग टाकली आणि धावलो.

"अहो, काय झालं यांना? कोणी तरी डॉक्टरला बोलवा!"

त्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "थेच डॉक्टर हायेत ना भाऊ," तो म्हणाला.

रस्त्यावरचा गाल तसूभरही न उचलता बाईंचा आवाज आला. "भाऊ, तुमचे बूट बाजूले घ्या. मले मागचा पाय दिसून नाही राह्यला. प्रल्हाद, चालव बे त्यायले. हळू."

बैल चालला. त्याचे खूर तिच्या नाकापासून वीतभर अंतरावरून गेले. माझ्या अंगावर काटा आला. ती मात्र उठली, कपडे झटकले, बैलाच्या मानेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, थांबा जरा. घाबरू नका. मागच्या उजव्या पायात पू झाला आहे तुमच्या." आणि मालकाकडे वळून, "काऊन बे, किती दिवसापासून हे लंगडून राह्यले? तुले दिसलं नाही काय?"

ही आमच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्याची डॉक्टर, प्रमिला तायडे. योगायोगाने मला खोलीही तिच्याच घरावर मिळाली. खाली ती, वर मी. गाव तिला डॉक्टरीनबाई म्हणे, मी मॅडम म्हणत असे.

जनावराला 'अहो' आणि माणसाला 'बे', हा तिचा शिरस्ता होता. त्यात बाईमाणूस, पुढारी, तहसीलदार असा भेद नव्हता. या भागात बायकांना सहसा कोणी बे म्हणत नाही, ती म्हणे. मला मात्र का कोण जाणे, तिने सुरुवातीपासून 'सर' म्हटलं. बहुधा माझं बोलणं ऐकून तिला मी परदेशी वाटलो असेन. "सर 'मला' म्हणतात तर असं वाटते, पुस्तकातून एक पान बाहेर येऊन चहा पिऊन राह्यलं," असं ती माझ्यासमोर लोकांना सांगे.

गव्हाळ रंगाची, आडव्या हाडाची, कोपरापर्यंत सतत ओले हात. दवाखान्यातला लाल साबण तिच्या अंगाला कायमचा चिकटला होता. कुर्त्याच्या खिशात भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा. बोलताना ती तुमच्या तोंडाकडे पाहतच नसे, पायांकडे पाही. कोणीही फाटक उघडून आत आला की तो ओट्यापर्यंत पोचायच्या आत तिचं निदान तयार असे. "तुही कंबर धरली ना?" "नवी चप्पल चावते का?" एकदा आमचे मुख्याध्यापक शाळेच्या कार्यक्रमाचं निमंत्रण द्यायला आले, तर त्यांना म्हणाली, "ये ना बे. बायकोशी भांडून आला का?" मुख्याध्यापक निमंत्रण न देताच परत गेले. मी तिला विचारलं, हे पायांवरून कसं कळलं? "ते पायावरून नाही कळलं," ती म्हणाली. "दोन पायात दोन वेगळ्या चपला होत्या."

गावातल्या एका मोठ्या घरच्या लग्नात तिने जे केलं, त्याची आठवण झाली की मला आजही घाम फुटतो. मिरवणूक ऐन रंगात आलेली. डीजेने खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, नवरदेव घोडीवर, पुढे पोरं नाचताहेत. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे. मी नवरदेवाचा फेटा पाहत होतो, मॅडम घोडीचे पाय. मला काही कळायच्या आत ती गर्दीत घुसली, घोडीच्या समोर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "बंद करा!"

डीजे बंद झाला. नवरदेवाचा काका, गावातला वजनदार माणूस, पुढे आला. "डॉक्टरीनबाई, काय झालं?"

"यांच्या पुढच्या पायाची शीर सुजली आहे. यांच्यावर बसता नाही येत."

"दहा मिनिटाचं काम हाये. मंडप तर दिसूनच राह्यला."

"दिसून राह्यला ना? मंग नवरदेवाले पाय नाहीत काय?"

कोणीतरी शिवी हासडली. काकांचा चेहरा काळानिळा झाला होता. मला वाटलं, आता हिच्यावर हात पडणार. ती घोडीच्या नाकावरून हात फिरवत होती आणि जागची हललीच नाही. शेवटी नवरदेवच उतरला आणि चालत निघाला. मॅडम घोडीला घेऊन उलट्या दिशेला गेली. जेवायला मात्र परत आली, पंगतीत बसली, आणि वाढायला आलेल्या त्याच काकांना म्हणाली, "बुंदी वाढ बे अजून."

अशी ही बाई. कुत्र्याच्या पिल्लाला टोचायची सुई आधी स्वतःच्या गालाला लावून गार तर नाही ना ते पाहणारी. तिला मारामारी आवडते, हे मला कळलं तेव्हा मी अक्षरशः तोंड उघडं ठेवून बसलो होतो.

दिवाळीनंतरचे दिवस होते. आसपासच्या कुठल्या तरी गावात चोरून हेल्यांची टक्कर झाली होती. दोन रेडे एकमेकांवर सोडायचे आणि कडेला माणसांनी आरोळ्या ठोकायच्या. त्यातला एक फाटलेल्या मानेचा हेला टेम्पोत घालून तिच्याकडे आणला. तिने टाके घातले, मालकाला असं झोडपलं की तो रडायला लागला, आणि मग हात धुता धुता मला म्हणाली, "सर, एक सांगू? मले टक्कर लय आवडते."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"आम्ही देऊळघाटचे. बाबा मजुरीले जात, पण टक्कर असली की मले खांद्यावर बसवून नेत. ते दोघं समोरासमोर येतात ना, माती उडते, कपाळावर कपाळ बसते, तो जो आवाज होते..." तिचे डोळे चमकत होते. "आजही आंग शहारते. पन टाकेही मलेच घालायचे असतात ना. म्हून लाज वाटते. पाहतही नाही अन् आवड जातही नाही. काय करावं माणसानं?"

उत्तर तिचं तिलाच सापडलं, आणि ते कोणालाही सुचलं नसतं असं होतं.

तिचे यजमान वसंतराव मेहकरला आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवत. शनिवारी येत, सोमवारी पहाटेच्या गाडीने जात. अत्यंत कमी बोलणारा माणूस. त्यांना एका इंजिनिअरिंग कॉलेजने रोबोंच्या कुस्तीला पंच म्हणून बोलावलं, तेव्हा मॅडमही सोबत गेली. जाड पारदर्शक प्लास्टिकच्या भिंतींचा पिंजरा, त्यात रिमोटवर चालणारी दोन यंत्रं सोडायची आणि एकाने दुसऱ्याला उलथवायचं किंवा बंद पाडायचं, असा तो खेळ. विद्यार्थीच नव्हे, हौस असलेला कोणीही भाग घेऊ शकत होता. चाकांऐवजी पायांवर चालणारं यंत्र आणलं तर त्याला जास्त वजनाची सूट होती, कारण पाय बनवणं अवघड. त्या वर्षी एका गटाने चार पायांचं यंत्र आणलं होतं. ते दोन पावलं चाललं आणि आपोआपच कुशीवर पडलं. सगळे हसले.

मॅडम परत आली ती थेट माझ्या खोलीत. चप्पलसुद्धा काढली नव्हती.

"सर, त्याले पाय देले, पन चाल नाही देली! पाय उचलायच्या आधी जनावर वजन सरकवते. हे त्या पोट्ट्यांले कोणी सांगतलंच नाही. मी बनवतो." इकडे पुष्कळ बायका 'मी करतो' म्हणतात, पण तिच्या तोंडी ते पैलवानाने लंगोट कसल्यासारखं वाटलं.

"तुम्ही? मारामारीचं यंत्र?" मी विचारलं.

"त्याले दुखत नाही ना सर! रक्त नाही, टाके नाही. आणि टक्कर तर टक्करच." ती खाली बसली, आणि हसायला लागली. इतकी मोकळी हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

पुढचे कित्येक महिने आमच्या मागच्या अंगणात तेच चाललं होतं. गाड्यांच्या काचा पुसणाऱ्या वायपरच्या मोटारी, लोखंडी पट्ट्या, बॅटऱ्या. मॅडम सकाळी दवाखान्यात जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर तिथे. आधी तिने बैलासारखे चार पाय केले. बाजूने धक्का दिला की यंत्र पडे. मग एके दिवशी नदीतून बादलीभर खेकडे आणले, अंगणात सोडले आणि त्यांच्यामध्ये पालथी पडून राहिली. भाजीवाली फाटकातून डोकावली आणि किंचाळली. आठ पायांना मोटारी पुरेनात, म्हणून खेकड्यांवरून सहा पायांचं यंत्र ठरलं: तीन पाय जमिनीवर असताना तीन हवेत, आणि पोट जमिनीला लागण्याइतकं खाली. वसंतराव शनिवार-रविवारी वेल्डिंग करून देत. ती सांगे, ते जोडत. एखादा सांधा चुकला तर ते नुसते तिच्याकडे पाहत, आणि ती म्हणे, "हाव, माहंच चुकलं."

पावलांचा प्रश्न बरेच दिवस अडून बसला. पिंजऱ्याच्या गुळगुळीत जमिनीवर पाय घसरत. तिने दवाखान्यातल्या जुन्या, बाद झालेल्या खूर घासायच्या कानशी काढल्या, त्यांचे तुकडे करून पायांना नखांसारखे बसवले. कानशीचे दाते जमीन धरून ठेवत. मला ती युक्ती फार आवडली. पहिल्यांदा ते यंत्र अंगणभर न पडता चाललं, कडकड कडकड असा नखांचा आवाज करत, तेव्हा अख्खी गल्ली भिंतीवर चढून बसली होती. कोणीतरी म्हणालं, "डॉक्टरीनबाईचा खेकडा!" तेच नाव पडलं.

मी विचारलं, "याला तुम्ही अहो म्हणणार की बे?"

"याले कशाले अहो? हा काय जनावर आहे?" तिने त्याला पायाने ढोसलं. "चाल बे!"

स्पर्धेला आम्ही गावातून दोन गाड्या भरून गेलो. लग्नातला तो काकासुद्धा होता. पन्नाशीकडे झुकलेली बाई रिमोट घेऊन उभी राहिली तेव्हा कॉलेजची पोरं कोपराने एकमेकांना खुणावू लागली. पहिल्या कुस्तीत खेकड्याने एक चाकांचं यंत्र ढकलत ढकलत कोपऱ्यात नेऊन उलथवलं आणि ते हसणं थांबलं. दुसऱ्या कुस्तीत मॅडम ओरडायला लागली. ती टक्करीतली आरोळी होती, पोटातून आलेली. तिची मान ताठ, नाकपुड्या फुललेल्या. ही बाई मी रोज पाहतो ती नव्हे, असं वाटून मला थोडी भीतीच वाटली.

शेवटची कुस्ती रूपाली चोपडेशी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची, मोताळ्याच्या किराणा दुकानदाराची मुलगी, किरकोळ अंगाची, ओठ घट्ट मिटलेली. तिच्या यंत्रावर एक लोखंडी पट्टी गरगर फिरत असे. ती ज्याला लागे त्याचा चुराडा होई. पिंजऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोघी उभ्या राहिल्या. घाम येत होता म्हणून मॅडमने संरक्षक चष्मा कपाळावर सरकवला. मी ते पाहिलं, पण त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही.

खेकडा सरळ त्या फिरत्या पट्टीवर चालून गेला. फाडकन आवाज झाला, ठिणग्या उडाल्या. गर्दीने जल्लोष केला. आणि त्या जल्लोषात मॅडम खाली बसली.

मला वाटलं, आनंदाने बसली. मग तिच्या बोटांमधून रक्त ओघळलं.

पिंजऱ्याच्या भिंतीच्या वर, छताखाली, एक फट मोकळी राहिली होती. तेवढ्यातून काहीतरी उडून तिच्या डाव्या डोळ्यात शिरलं होतं. लोक सैरावैरा धावत होते. त्या गोंधळात सगळ्यात स्थिर आवाज तिचाच होता. "पट्टी फिरून राह्यली अजून. आधी ते मशीन बंद करा. कोणी पिंजऱ्याजवळ जाऊ नका." मग, "वसंतराव कुठी आहेत? हात द्या मले."

रूपाली तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली होती आणि नुसती "मॅडम, मॅडम" म्हणत होती. उघड्या राहिलेल्या डोळ्याने मॅडमने तिच्याकडे पाहिलं. "तू काऊन रडते बे? डोळा माहा गेला."

अकोल्याला डॉक्टरांनी पुष्कळ प्रयत्न केले. डोळा वाचला नाही.

त्याचं चित्रण कोणीतरी मोबाइलवर केलं होतं. दोन दिवसांत ते जिल्हाभर फिरलं. 'पोरीने डॉक्टरीनबाईचा डोळा फोडला', सगळीकडे हेच. आमचं गाव खवळलं. काकांनी स्वतः पोलिसांत जायची तयारी केली. कॉलेजने रूपालीला परीक्षेला बसू द्यायचं नाही असं ठरवलं, तिच्याकडून माफीनामा लिहून घेतला. तिचे वडील अकोल्याच्या दवाखान्याच्या दारात आले, आत यायची हिंमत झाली नाही, फाटकाला हात जोडून परत गेले. मीही मनातून त्या पोरीवर संतापलो होतो. काय गरज होती असली पट्टी फिरवायची, असं चारचौघांत बोललोही.

मॅडम घरी आल्यावर सर्वांत आधी तिने काय मागितलं असेल? तो तुकडा. सर्जनने डोळ्यातून काढलेला तुकडा वसंतरावांनी एका लहान बाटलीत ठेवला होता. तुरीच्या डाळीएवढा. मी समोरच होतो. तिने तो तळहातावर घेतला, भिंग उजव्या डोळ्याला लावलं आणि पाहत राहिली. मग भिंग माझ्याकडे दिलं. "सर, पहा बरं. रेघा दिसतात का?"

एका बाजूला बारीक, तिरप्या, समांतर रेघा होत्या.

"दिसतात," मी म्हणालो. "कशाच्या आहेत?"

"कानशीच्या."

क्षणभर मला अर्थ लागला नाही. मग लागला. रूपालीची पट्टी गुळगुळीत होती. दाते होते ते खेकड्याच्या नखांना. तो तुकडा खेकड्याच्या पायाचा होता. मॅडमचा डोळा मॅडमच्याच यंत्राने घेतला होता.

"कानस लय कडक असते," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "म्हून ती वाकत नाही, फुटते. दवाखान्यात फरशीवर पडली की दोन तुकडे होतात. मी किती वेळा पाहिलं आहे. लाल होईपर्यंत तापवून मऊ करता आली असती. वसंतरावांच्या हातचं काम होतं ते. मीच नाही सांगतलं. मऊ केली असती तर दाते बोथट झाले असते. मले जिंकायचं होतं सर."

वसंतराव दारात उभे होते. ते आत गेले, आणि नळ बराच वेळ चालू राहिल्याचा आवाज आला.

मी म्हणालो, "हे कोणाला कळायचं कारण नाही." हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघालं, की ते ऐकून मलाच धक्का बसला. ती माझ्यावर रागावली नाही. तिने तुकडा परत बाटलीत टाकला. "गाडी पाहा एखादी. कॉलेजात जायचं आहे."

प्राचार्यांच्या खोलीत आम्ही गेलो तेव्हा रूपाली आणि तिचे वडील आधीच बोलावलेले होते. मॅडमने बाटली टेबलावर ठेवली आणि जे मला सांगितलं होतं ते जसंच्या तसं सांगितलं. चष्मा कपाळावर सरकवल्याचंही सांगितलं. प्राचार्य घाईघाईने म्हणाले, "मॅडम, आता प्रकरण मिटत आलं आहे. मुलीने माफी मागितलीच आहे. तुम्ही कशाला..."

"तिचा माफीनामा तिले वापस द्या. माहा लिहून घ्या. आणि छताजवळची फट बंद करा, तो तुमचा हिस्सा."

रूपालीच्या वडिलांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मला वाटलं, आता ती मुलगी मॅडमच्या पाया पडणार. ती उठली.

"मी जेवले नाही इतके दिवस," ती म्हणाली. "डोळे मिटले की तुमचं रक्त दिसते. आरशात पाहवत नाही मले माहं तोंड. आमच्या दुकानावर येऊन लोक थुंकले. आणि तुमचाच होता तो तुकडा? तुम्हाले माहीत होतं कानस फुटते म्हणून?" तिचा आवाज चिरकला. "मले तुमची माफी नको."

वडील तिला गप्प करू लागले. मॅडमने हाताने त्यांना थांबवलं आणि उभी राहून ते सगळं ऐकून घेतलं. डोळ्यावरच्या पट्टीखालून तिच्या गालावर काहीतरी ओघळलं, ते जखमेचं पाणी होतं की दुसरं काही, मला कळलं नाही. रूपाली दार आपटून गेली.

परत येताना मॅडम फक्त एवढंच म्हणाली, "बरोबर बोलली पोट्टी."

गावाला ते पटलं नाही. बाटली नाल्यात फेकली असती तर काय बिघडलं असतं, असं काका जाहीरपणे म्हणाले. कित्येक दिवस लोक तिच्याशी तुटक वागत होते. जणू तिने त्यांचा संताप परत मागून घेतला होता. तिकडे एका डोळ्याने तिला अंतराचा अंदाज येईना. सुई बैलाच्या पाठीऐवजी हवेत जाई. एका गाईने लाथ मारली तेव्हा बाजूला व्हायला तिला उशीर झाला, बरगडीला मार बसला. चिरफाडीचं बारीक काम तिने सोडलं, नांदुऱ्याच्या डॉक्टरांकडे पाठवू लागली. वासरं मात्र तीच काढत असे. "हात आत गेल्यावर डोळ्याचं काय काम?" ती म्हणे. पण एका सकाळी मी तिला अंगणात एकटीच पाहिलं. शेंगदाणा वर उडवून तोंडात झेलायचा प्रयत्न करत होती. दरवेळी तो गालावर आपटून खाली पडत होता. मी खिडकीतून मागे सरलो.

आणि पुढच्या वर्षी, पाऊस संपता संपता, मागच्या अंगणात पुन्हा वेल्डिंगचा वास आला. मी धावत खाली गेलो. मॅडम नवा खेकडा जोडत होती.

"वेड लागलंय का तुम्हाला?" मी पहिल्यांदाच तिच्यावर ओरडलो.

"या वेळी नखं मऊ लोखंडाची केली आहेत," ती म्हणाली. "वाकतील, फुटणार नाहीत."

"पण कशासाठी?"

"चोपड्याच्या पोरीनं नाव देलं आहे. वसंतराव सांगत होते. ती येते आहे."

मी खाली बसलो आणि नव्या खेकड्याचा पाय धरून ठेवला.

कॉलेजने पिंजऱ्याला छतापर्यंत भिंती केल्या होत्या, वर जाड जाळी बसवली होती. आमच्या गावाचं या वेळी कोणी नव्हतं, फक्त वसंतराव आणि मी. मॅडमने चष्मा इतका घट्ट बांधला होता की कानांमागे वळ उठले होते. रूपाली पहिल्या कुस्त्या कशाबशा जिंकली. पट्टी ती क्षणभर फिरवी आणि लगेच थांबवी. नुसतं ढकलण्यावर तिने काम भागवलं. आणि मग दोघींचं नाव पुकारलं गेलं.

सगळ्यांना मागचं वर्ष माहीत होतं. इशारा झाला. खेकडा कडकड करत निघाला. रूपालीचं यंत्र जागेवरच. पट्टी फिरलीच नाही.

"रूपाली!" मॅडम ओरडली. "मार बे!"

रूपालीने मान हलवली. तिचे हात इतके कापत होते की रिमोट पडेल असं वाटत होतं.

खेकड्याने जाऊन तिच्या यंत्राला धडक दिली. ते मागे सरकलं. पुन्हा धडक. कोपऱ्यात दाबलं. पंचांनी मोजायला सुरुवात केली. मॅडम जिंकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर प्रचंड राग होता. तिने खेकड्याला मागे घेतलं, समोर नेऊन उभं केलं आणि थांबवलं.

"इकडे पाह्य! माह्या तोंडाकडे पाह्य!" ती पिंजऱ्याच्या पलीकडे ओरडली. "माहा एक डोळा गेला, तो मी घालवला. तू नाही. तुहे हात काऊन कापतात? फिरव पट्टी!"

पंच काही बोलू पाहत होते. वसंतरावांनी, त्या अबोल माणसाने, त्यांच्या दंडावर हात ठेवला.

रूपाली रडत होती. पण तिने पाहिलं. किती वेळ पाहत होती, मला सांगता येणार नाही. मग तिचे ओठ मिटले, अंगठा पुढे सरकला, आणि पट्टी गुणगुणू लागली. गुणगुण चढत चढत शिट्टीसारखी झाली. माझा हात आपोआप माझ्याच डोळ्यांवर गेला. बोटांच्या फटीतून मी पाहिलं.

खेकडा उडाला. छताच्या जाळीला आपटून खाली आला, पुन्हा पट्टीवर, आणि त्याचे पाय चारी दिशांना पांगले. कित्येक महिन्यांचं काम डोळ्यांदेखत भंगार झालं. हॉलमध्ये कोणी टाळी वाजवली नाही.

"हाणलं!" अशी आरोळी आली. मॅडम होती ती. दोन्ही हात वर, केस सुटलेले, नाचत होती. "हाणलं बे! पाहिलं का सर? काय हाणलं पोट्टीनं!"

मी खरंच चक्रावलो होतो. हसावं की काय करावं ते कळत नव्हतं. वसंतराव भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

त्यानंतर महिन्याभरातच तिची बदली झाली, दूर गडचिरोलीकडे. मी तेव्हा आईच्या आजारपणामुळे साताऱ्याला होतो. परत आलो तेव्हा खालच्या घराला कुलूप होतं. त्यामुळे मॅडम म्हटलं की त्या दिवशीचीच आठवते, यंत्रं बंद झाल्यावर पिंजऱ्यात शिरलेली. ती गुडघ्यांवर बसून खेकड्याचे तुकडे ओढणीत गोळा करत होती. रूपाली तिच्या उजव्या बाजूला, आणि दोघींचा जोरजोरात वाद चालला होता, पट्टी आणखी खालून लागली असती तर काय झालं असतं यावर. मॅडमचा डावा हात जमिनीवर चाचपडत होता. एक पाय त्या हाताच्या अगदी जवळ पडला होता आणि तिला तो दिसत नव्हता. रूपालीचं बोलणं मध्येच थांबलं. ती उठली, वळसा घालून मॅडमच्या डाव्या बाजूला जाऊन बसली, आणि तिकडचे तुकडे उचलून तिच्या ओढणीत टाकता टाकता पुन्हा भांडू लागली.